नाकाच्या दांडीचे मेजर

मेजर बर्गे माणसाला समोरून कधी बघत नसत. कुणी भेटायला आलं की ते खुर्चीतून उठायचे, दोन पावलं बाजूला सरकायचे आणि मग नमस्कार करायचे. नवख्या माणसाला वाटायचं, साहेबांना आपल्याशी बोलायचं नाही. तो बिचारा त्यांच्याकडे तोंड करायला वळायचा, की साहेब आणखी दोन पावलं सरकायचे. असे दोघंजण टेबलाभोवती अर्धी फेरी मारायचे. मग साहेब समाधानाने खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हां. बोला आता."

त्यांना समोरच्याच्या नाकाची दांडी बघायची असायची. ती समोरून कळत नाही.

सांगलीत गावभागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा आठ खाटांचा दवाखाना होता. पाटीवर रीतसर 'कान, नाक, घसा' लिहिलेलं होतं, पण लोक मधलाच शब्द वाचायचे आणि रिक्षावाल्याला 'नाकाच्या दवाखान्यात चल' म्हणायचे. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. डॉक्टर होऊन फौजेत गेले आणि जवानांचे फुटलेले चेहरे पुन्हा उभे करण्याचं काम तिथल्या इस्पितळात शिकले. फौजेतून बाहेर पडले, सांगलीत स्थिरावले, पण बोली काही बदलली नाही. इंग्रजी पुस्तकं वाचायचे आणि 'लय भारी लिवलंय' म्हणायचे.

सत्तरच्या दशकात सात वर्षं मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. त्याआधी दोन ठिकाणी नोकरी केली होती आणि नंतरही बरीच वर्षं केली, पण कुणी नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून तेच येतात.

मुलाखतीला गेले तेव्हा निर्जंतुकीकरण, औषधांची प्रमाणं, सगळं पाठ करून गेले होते. साहेबांनी टेबलाभोवतीची फेरी पूर्ण केली आणि विचारलं, "गाव कंचं?"

"लोणंद."

"डोळं मिट. तुझ्या नाकावर बोट ठेव. वरून खाली आण. हाड संपलं की सांग."

मी बोट फिरवलं. इतकी वर्षं हे नाक माझ्या चेहऱ्यावर होतं, पण त्यात हाड कुठे संपतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्यावर आल्यावर बोटाखाली काहीतरी बदललं. खालचा भाग दाबला की हलत होता.

"इथे," मी म्हटलं.

"डोळं उघड. उद्यापासनं ये. इथनं वर हाड, इथनं खाली कूर्चा, म्हंजे मऊ हाड. हाडाला कानस लागती, कूर्चेला चाकू. ह्यो सांधा ज्याला बोटानं सापडला त्याला बाकीचं शिकवता येतं."

निर्जंतुकीकरणाबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून नाव पडलं लोणंद. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "लोणंद, बारीक छिन्नी दे." "लोणंद, त्या जतवाल्याची पट्टी बदलली का?" माझं खरं नाव कुसुम आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

शस्त्रक्रियेच्या आधी ते अंघोळीच्या साबणाच्या वडीत रोग्याचं नाक कोरत. आधी आहे तसं, उंचवट्यासकट किंवा खड्ड्यासकट. मग पेन्सिल तासायच्या चाकूने त्यातलं थोडंथोडं काढत, बाजूला धरून बघत, पुन्हा काढत. दुपारी रोगी संपले की व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत हेच चालायचं. "साबणावर चुकलो तर काय हुतंय? फेस," ते म्हणायचे. "म्हणून हितंच चुकून घ्यायचं."

कोरून झालेले साबण टाकून देणं त्यांच्या पत्नीला, सुशीलाकाकींना, पटत नसे. ते सगळे घरात वापरले जात. त्यांच्या न्हाणीघरात मी एकदा हात धुवायला गेले तर साबणदाणीत गरुडासारखं एक नाक आणि शेजारी एक बसकं नाक. काकी म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बायका येतात, मला मेलीला मान वर करता येत नाही. अहो, निदान सणासुदीला तरी घरात एक अखंड वडी ठेवा!"

"अगं, ते कागलवालीचं नाक हाय," साहेब आतून म्हणाले. "लय नशिबानं असं जमतं. जपून वापर."

गंमत म्हणजे खुद्द साहेबांचं नाक वाकडं होतं. फौजेत मुष्टियुद्धात मोडलेलं, दांडीला मध्येच एक पायरी पडलेली. नवा रोगी हमखास त्या पायरीकडे बघायचा आणि त्याच्या मनातला प्रश्न तोंडावर उमटायचा. साहेब तो बरोबर ओळखायचे. "करनार कोण?" ते म्हणायचे. "माझ्यासारखा सर्जन मला अजून भेटला न्हाई." हे ते इतक्या सरळपणे म्हणायचे की त्यात गर्व दिसतच नसे. काकींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "घाबरतात ओ. सुई बघितली तरी घाम फुटतो यांना." आणि ते खरं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला मी त्यांच्या मागे दोन दिवस फिरले आहे.

दांडीचा उंचवटा काढणं हे तसं सोपं काम, असं लोकांना वाटतं. नाकपुडीच्या आतून छेद घ्यायचा, कातडी हाडावरून सुटी करायची, आतून कानस घालायची आणि घासायचं. बाहेर व्रण राहत नाही. पण जास्त घासलं की दांडी वरून सपाट आणि रुंद होते, घराचं आढं काढून घेतल्यासारखी. मग दोन्ही बाजूंची हाडं बारीक छिन्नीने सोडवून आत ढकलावी लागतात, तेव्हा ते छप्पर पुन्हा मिटतं. म्हणून किती घासायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे अवघड. साहेबांना ते मिरजेत कळलं, असं ते स्वतःच सांगत.

झालं असं की त्यांच्या परदेशी कानशीचे दात बोथट झाले. नवी मागवायची तर सहा महिने. कुणीतरी सांगितलं, मिरजेत तंबोरे बनवणारे उस्मानचाचा आहेत, बारीक हत्यारांना त्यांच्यासारखी धार कुणी लावत नाही. साहेब मला बरोबर घेऊन गेले. चाचा दुकानात मांडी घालून बसले होते. पुढ्यात तंबोरा, आणि तारांच्या खाली असते ती हस्तिदंती घोडी ते घासत होते. चार हात कानस फिरवायची, थांबायचं, घोडीवर नख फिरवायचं, तार छेडायची, कान द्यायचा. पुन्हा चार हात. आम्ही आल्याची त्यांनी मानेनेच दखल घेतली.

साहेब स्टुलावर बसले ते दोन तास उठले नाहीत. शेवटी विचारलं, "चाचा, एवढं थांबत थांबत का घासता?"

"साब, घासलेलं परत चिकटवता येतंय काय?" चाचा म्हणाले. "म्हनून मी घासतो कमी, थांबतो जास्ती."

कानशीला धार लागली. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये साहेबांनी कानस आत घातली, चार हात फिरवली, बाहेर काढली, डोळे मिटून दांडीवरून बोट फिरवलं. मी वाट बघत उभी. "घाई न्हाई, लोणंद," ते म्हणाले. "चार, आन् थांब." त्यानंतर कायम तसंच.

याच थांबण्यामुळे हौसाबाईंची गोष्ट घडली. ती आठवली की मला अजून हसू येतं आणि थोडं डोळ्यांतही काहीतरी येतं.

हौसाबाई मलकापूरच्या, कऱ्हाडजवळच्या. ठेंगणी, काटक बाई, नऊवारी घट्ट नेसलेली. बरोबर त्यांचा मुलगा संपत, साखर कारखान्यात कारकून. संपतच्या नाकाच्या दांडीला चांगला मोठा उंचवटा होता. कारखान्यातली पोरं त्याला राघू म्हणायची. तो वैतागला होता. "काढून टाका डाक्टर. सपाट करा," तो म्हणाला.

"न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

"आये, तू गप."

"आवं डाक्टर, त्येच्या बापाचं नाक हाय त्ये. पासष्टच्या लढाईत गेलं त्येचं वडील. माघारी काय ऱ्हायलं माझ्याकडं? एक टरंक, आन् ह्येच्या तोंडावरचं ह्ये नाक. त्ये बी कापून टाकता व्हय?"

फौजी माणसाच्या विधवेपुढे साहेबांची जीभ चालत नसे. "घरी जा, ठरवून या," एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी मायलेक परत आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. बाकड्याच्या दोन टोकांना दोघं. साहेबांनी हौसाबाईंना विचारलं, "फोटो हाय का त्येंचा?" त्यांनी पिशवीतून काचेची तसबीर काढली. गणवेशातला रुबाबदार माणूस, पण समोरून. दांडीचा काही पत्ता लागेना. साहेब चिडले. "फोटो काढनाऱ्यांना अक्कल न्हाई. दुनियाभर समोरनं काढत्यात."

"मला फोटू कशाला लागतुया?" हौसाबाई म्हणाल्या. "माझ्या बोटाला ठावं हाय. रजेवर यायचं तवा डोस्कं दुखायचं त्येंचं. मी कपाळाला त्याल लावायची. बोट असं खाली यायचं, असं..." त्यांनी हवेतच बोट फिरवलं. वरून खाली, मध्ये एका जागी किंचित वर चढून पुन्हा खाली.

साहेब त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं करू. तू आत ये. म्यां घासत ऱ्हानार, तू बोट लावून सांगायचं. तू बास म्हणलीस की बास."

मी साहेबांना बाजूला गाठलं. "सर, हे नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात?"

"सगळ्याच."

"मग तिचं हात तूच धू," ते म्हणाले. "तू धुतलेस म्हंजे मला काळजी न्हाई."

मी रागारागाने त्या बाईचे हात कोपरापर्यंत तीनदा घासले. त्यांनी हूं का चूं केलं नाही. अंगरखा त्यांना पायघोळ झाला, टोपी आणि मुखपट्टीमधून फक्त दोन डोळे दिसत होते. हातमोजे घातल्यावर त्या दोन्ही हात छातीपुढे धरून, मी सांगितलं तशा, कशालाही न शिवता उभ्या राहिल्या. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या कितीतरी पोरींना ते पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

संपतला भूल नाकापुरतीच दिली होती. तो जागा होता, डोळ्यांवर ओला कापूस. साहेबांनी आतून कातडी सोडवली, कानस घातली. चार हात, थांब. पुन्हा चार. "ये मलकापूर," ते म्हणाले. "सुजेवर जाऊ नको. जरा दाबून बघ."

हौसाबाईंनी बोट ठेवलं. डोळे मिटले. बोट खाली आणलं. मला वाटलं, आता म्हणणार बास, पुढं हात लावू नका.

"आजून," त्या म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा चार हात.

"आजून. ह्येचं लय मोठं हाय. त्येंचं येवढं नव्हतं."

"आये, किती येळ?" कापसाखालून संपत म्हणाला.

"गप रं. तुझ्या बापाचं बघतीया."

असं सहा-सात वेळा झालं. साहेबांच्या कपाळावर घाम, मी टिपत होते. मग एकदा हौसाबाईंनी बोट ठेवलं, खाली आणलं आणि मध्येच थांबवलं. उचलेनात. पुन्हा वर नेलं, पुन्हा सावकाश खाली. मुखपट्टीच्या वरच्या कडेला ओलं झालेलं मला दिसलं.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "बास."

साहेबांनी कानस ताटात ठेवली. "बंद करायचं, लोणंद."

"आन् माझं काय?" संपत ओरडला.

"तुझं निम्म्याच्या वर गेलं, गड्या," साहेब म्हणाले. "ऱ्हायलंय त्ये बापाचं. त्येला मी हात लावत न्हाई."

आठवड्याने नाकावरचं प्लास्टर काढलं. डोळ्यांखालचं काळंनिळं उतरत आलं होतं. संपतने दोन आरसे मागून घेतले आणि बाजूने स्वतःला बराच वेळ बघितलं. दांडी आता सरळ उतरत होती, मध्ये फक्त एक हलकासा उठाव, रुबाबदार माणसाला शोभेलसा. "बरं दिसतंय की," तो पुटपुटला. हौसाबाईंनी आरशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि बाजूने. जाताना मायलेक भांडतच गेले, पण ते बसच्या तिकिटाच्या खिडकीवर कुणी उभं राहायचं यावरून. पुढच्या बाजाराला मलकापूरहून एक पाटीभर कृष्णाकाठची वांगी आली. साहेबांनी स्वतः भरून केली आणि तिखट जास्त टाकून सगळ्यांना रडवलं.

साहेबांचं सगळं असंच जमत गेलं असं मी म्हटलं तर त्यांना आवडणार नाही. विमलबाईंची हकीकत ते स्वतः सगळ्यांना सांगायचे, विशेषतः शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना.

विमलबाई सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. लहानपणी झोक्यावरून पडल्या, नाकाच्या मधल्या पडद्यात पू झाला, पडदा आतून नासला आणि दांडी बसली. समोरून बघितलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये जणू काही नव्हतंच. त्या नाकापर्यंत पदर धरून शिकवायच्या. इथे काढायचं काहीच नव्हतं, घालायचं होतं. छातीच्या बरगडीची कूर्चा काढायची, होडीच्या आकाराची कोरायची आणि दांडीच्या जागी आत सरकवायची. पण बरगडीची कूर्चा लबाड. कोरताना सरळ असते आणि नंतर ओल्या फळीसारखी वाकते. म्हणून साहेबांचा नियम होता: कोरलेला तुकडा मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा. वाकायचा असेल तर तिथेच वाकू दे.

त्या दिवशी साताऱ्यात साहेबांचा सत्कार होता. माजी सैनिकांनी ठेवला होता. दोनची बस गाठायची होती. काकींनी नवा कोट इस्त्री करून दवाखान्यातच आणून ठेवला होता. साहेबांनी तुकडा कोरला, पाण्यात ठेवला आणि दहाव्या मिनिटाला उचलला. "सरळ हाय," ते म्हणाले. मी घड्याळाकडे बघितलं. बोलले मात्र नाही, आणि ते मला अजून टोचतं.

नाक सुरेख झालं. साहेब सत्काराला गेले, शाल-नारळ घेऊन आले.

पाच महिन्यांनी विमलबाईंना तपासणीला बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत, पत्र आलं. 'नाक उत्तम आहे. येण्याची आवश्यकता वाटत नाही.' साहेबांनी ते तीनदा वाचलं. "उत्तम," ते म्हणाले. "लोणंद, खूश झालेला माणूस असं लिवत न्हाई." महिन्यातून एकदा ते साताऱ्याला रोगी तपासायला जायचे, मी बरोबर असायचे. त्या खेपेला काम आटोपल्यावर त्यांनी मला थेट खंडाळ्याच्या एसटीत बसवलं.

खंबाटकीचा घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हा शाळेत पाढे चालले होते. विमलबाई व्हरांड्यात आल्या. तोंडावर पदर नव्हता. साहेब नेहमीसारखे बाजूला गेले नाहीत. सरळ त्यांच्यासमोर उभे राहिले, कारण वाकडेपणा समोरूनच दिसतो. दांडी मधून डावीकडे वळली होती.

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

"कळवलं का न्हाई?"

"सर, आधी मी पदर धरून शिकवत होते. आता धरत नाही," विमलबाई म्हणाल्या. "मुलं विचारतात, बाई, तुमचं नाक कुठे बघतंय? मी सांगते, मागच्या बाकावर दंगा करणाऱ्यांकडे. मला चालतंय हे."

मी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मला न्हाई चालत. बाई, ह्यात तुमची चूक न्हाई, तुमच्या हाडाची बी न्हाई. माझी हाय. अर्धा तास थांबायचं असतं. मी धा मिन्टं थांबलो. मला सत्काराला जायचं हुतं."

आत मुलांचा पाढा अडखळला आणि पुन्हा सुरू झाला. एवढ्या मोठ्या माणसाने शाळेच्या व्हरांड्यात असं काही म्हणावं, हे विमलबाईंना नीट कळायला वेळ लागला असावा. मग त्यांनी विचारलं, "सत्कार तरी चांगला झाला का?"

"न्हाई," साहेब म्हणाले. "भाषणं लय लांबली."

विमलबाई इतक्या मोठ्याने हसल्या की आतली चौथी 'ब' दारात गोळा झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत त्या पुन्हा आल्या. साहेबांनी जुना तुकडा काढला, बरगडीतून नवा घेतला, कोरला आणि पाण्यात ठेवला. मग हातमोजे घातलेले हात वर धरून स्टुलावर बसले आणि स्टीलच्या वाडग्याकडे बघत राहिले. वीस मिनिटांनी तुकडा धनुष्यासारखा वाकला. "बघ," ते हळूच म्हणाले, "ह्यो बसला असता नाकात." तो बाजूला टाकला. दुसरा कोरला, कूर्चेच्या बरोबर मधल्या गाभ्यातून, दोन्ही बाजूंनी सारखं तासत. पुन्हा अर्धा तास. तो सरळ राहिला. तरी साहेबांनी आणखी दहा मिनिटं घेतली. "ही मागची थकबाकी," म्हणाले.

वर्षभराने खंडाळ्याहून एक मोठं पाकीट आलं. आत चौथीच्या वर्गाचा फोटो. सगळी मुलं ओळीने उभी आणि कडेला विमलबाई, आणि सगळेच्या सगळे बाजूला तोंड करून! फोटो काढणाऱ्याला विमलबाईंनी कसं समजावलं असेल, कोण जाणे. चाळीस नाकं उजवीकडे बघत होती आणि एकेचाळिसावं सगळ्यांत सरळ. साहेबांनी तो तपासणीच्या खोलीत लावला. सत्काराची शाल मात्र काकींनी इस्त्री करायच्या टेबलावर अंथरली. ती साहेबांनीच तिथे टाकायला सांगितली होती.

दशक संपता संपता साहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले. तीन-तीन तास उभं राहणं होईना. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "आता उसाला पाणी देतो." दवाखाना एका तरुण डॉक्टरकडे सोपवला आणि काकींना घेऊन गावी गेले. जाताना मला एक मोठी पेटी दिली. मला वाटलं हत्यारं असतील. उघडली तर साबण, अख्खे, न कोरलेले. वर काकींच्या अक्षरात चिठ्ठी: 'घर रिकामं करताना सापडले. बिनधास्त वापर.'

मी कऱ्हाडला दुसऱ्या नोकरीवर गेले. साहेबांना त्यानंतर मी एकदाच बघितलं, दीडेक वर्षानंतर, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर. मी कऱ्हाडच्या गाडीत खिडकीशी बसले होते. खाली फलाटावर साहेब, धोतर, पायांत जाड वहाणा, हातात पंपाचा कसला तरी सुटा भाग. मी हाक मारणार, इतक्यात आमच्या गाडीचा कंडक्टरच दारातून उडी मारून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिशीतला, तरतरीत माणूस.

"साहेब, वळखलं का मला?"

साहेबांनी चष्मा वर केला. "न्हाई बा."

"बघा की नीट. तुमीच तर केलंय."

"म्यां?" साहेबांचा चेहरा एकदम जागा झाला. ते डावीकडे सरकले, बघितलं. उजवीकडे सरकले, बघितलं. कंडक्टर ताठ उभा, गालातल्या गालात हसत. साहेबांनी त्याला उन्हात आणलं, हनुवटी वर करायला लावली. गाडीतली माणसं ओरडायला लागली, "ओ कंडक्टर, निघायचं का मुक्काम करायचा?"

"काय काढलं हुतं तुझं? का घातलं हुतं?" साहेबांनी विचारलं.

"त्ये मी सांगनार न्हाई. तुमी सांगा."

"आरं, कायच कळंना! कुठं हात लावलाय त्येच दिसंना!" साहेब एवढ्या आनंदाने ओरडले की फलाटावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मीही खिडकीतून तो चेहरा निरखत होते. माझ्याच हातांनी त्याच्या नाकावर कधीतरी पट्टी बांधली असणार. मलाही काही सापडेना.

ड्रायव्हरने भोंगा दाबला. कंडक्टरने वाकून साहेबांच्या पायांना हात लावला, उडी मारून दारात चढला आणि घंटी दिली. गाडी हलली. तेव्हा कुठे साहेबांना खिडकीत मी दिसले.

"लोणंद! तू सांग! ह्यो कोण?"

मी हात हलवून नाही म्हटलं. ते गाडीबरोबर चालायला लागले, मग गुडघे विसरून चक्क पळायला लागले, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात तो पंपाचा तुकडा.

"आरं, निदान साल तरी सांग!" ते दाराकडे बघून ओरडत होते आणि खो खो हसत होते.

कंडक्टर हसत हसत तिकिटं फाडायला आत वळला. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत मी मागे वळून बघत होते. साहेब धुरळ्यात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि फलाटावरच्या एका अनोळखी माणसाला आमच्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी भरभरून सांगत होते.